खेमसिंग ड्रायव्हरचा डावा पाय

खेमसिंग राठोडला त्या दिवशीचा पहिला राग आला तो उजाडलं म्हणून. न उजाडतं तर तारीख बदलली नसती, आणि तारीख न बदलती तर त्याचं ड्रायव्हिंग लायसन संपल्याला एक वर्ष पुरं होण्याचा दिवस आलाच नसता. वर्षाच्या आत नूतनीकरण केलं तर अर्ज, डॉक्टरचा दाखला, शिक्का आणि घरी. वर्ष उलटलं की माणूस पुन्हा शिकाऊ. म्हणजे संगणकापुढे बसायचं, रस्त्यावरच्या खुणा ओळखायच्या आणि गाडीच्या पाठीला लाल एल चिकटवून अख्ख्या तांड्यातून फिरायचं. कुणी? तर एकतीस वर्षं यष्टी चालवलेल्या माणसानं! ज्याच्या चाकाखाली एकतीस वर्षांत कोंबडीसुद्धा आली नाही. कोंबडीच्या बाबतीत महागावच्या एका बाईचं म्हणणं वेगळं आहे, पण ती कोंबडी आधीपासूनच आजारी होती.

वर्षभर काय झोपला होता, असं कुणी म्हणेल. झोपला नव्हता, भांडत होता. अर्ज मोबाइलवर भरायचा. पहिला अर्ज परत आला, कारण फोटोत टोपी. दुसरा परत आला, कारण सही चौकटीत मावली नाही. खेमसिंगची सही यष्टीच्या वळणासारखी, तिला जागा लागते. तिसरा आला जन्मतारखेवरून. तांड्यातल्या झाडून सगळ्या पोरांना गुरुजींनी एक जूनला जन्माला घातलं होतं आणि आधार कार्डवाल्यानं एक जानेवारीला. "मी कवा जन्मलो हे मले माहीत नाई तं तुमाले कसं माहीत?" असं तो फोनमधल्या बाईला ओरडून विचारत असे, आणि ती बाई त्याला दोन दाबायला सांगत असे.

शेवटी अर्ज गेला. आज पुसदला परिवहन खात्याचं शिबीर होतं, नूतनीकरणाचे कागद एक वाजेपर्यंतच घेणार होते. तांडा ते पुसद आठ किलोमीटर. आणि दारात गाडी होती.

गाडी पायलची. पायल त्याची धाकटी, पुण्याला कंपनीत. दिवाळीच्या आधी दोन महिने ती घरूनच काम करत होती, मग कंपनीनं तिला सहा महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं आणि गाडी तांड्यात राहिली. जाताना तिनं समजावलं होतं, "बा, ही ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही. डाव्या पायाला काम नाही." खेमसिंगनं तेव्हाही तिचं ऐकलं नव्हतं. क्लच नसलेली गाडी ही त्याला तांब्याशिवाय परसाकडं जाण्यासारखी बेशिस्त वाटत होती.

"बसनं जाऊ," लालीबाई म्हणाली. ती त्याची बायको. तिलाही पुसदला बाजार करायचा होता.

"मी? तिकीट काढून? यष्टीत?"

"मंग लायसन संपलं अन् गाडी चालवता?"

"लायसन काढालेच चाललो ना! गाडी चालवाचं लायसन काढाले का पायी जाऊ?"

यावर लालीबाई मागच्या सीटवर जाऊन बसली. "पुढं बसून मराचं नाई मले," एवढंच बोलली आणि तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी मांडीवर घेतली.

आता खेमसिंगच्या डाव्या पायाविषयी सांगायला हवं. त्याच्या काळातल्या यष्टीचा क्लच दाबायला पोतं उचलण्याइतकी ताकद लागायची. दिवसाला हजार वेळा, एकतीस वर्षं. त्यामुळं त्याची डावी पोटरी उजवीच्या दुप्पट झाली होती. पुसदचा शिंपी त्याची पॅन्ट शिवताना डावी नळी दोन बोटं जास्त धरायचा. हा पाय खेमसिंगचं ऐकत नसे. खेमसिंग झोपला की तो पाय गिअर बदलायचा, आणि पलंगाच्या पायथ्याची फळी त्यानंच मोडली होती.

गाडी गल्लीतून निघाली आणि स्पीडब्रेकर आला. यष्टीवाला इथं काय करतो? क्लच दाबतो, गिअर उतरवतो. डावा पाय क्लच शोधायला गेला. क्लच नव्हता, त्या जागी भलाथोरला ब्रेक होता. पायानं त्याच्यावर पोत्याइतकं वजन टाकलं. गाडी जागच्या जागी खिळली आणि लालीबाई शेंगांसकट पुढच्या दोन सीटांच्या मधोमध आली.

"गाडीच बेकार हाय," खेमसिंग म्हणाला.

असं तीनदा झालं. दोनदा गावात, आणि तिसऱ्यांदा पुसदच्या मोठ्या रस्त्यावर, साठच्या वेगात. मागं पिंटूची काळीपिवळी जीप होती. पिंटू हा खेमसिंगचा जुना वैरी. वय चाळीस, आणि त्यातली वीस वर्षं त्यानं यष्टीच्या थांब्यावरून यष्टीच्या पाच मिनिटं आधी यष्टीची माणसं उचलण्यात घालवली होती. खांद्यात मोबाइल, खिडकीबाहेर कोपर, नऊच्या जागी पंधरा माणसं, आणि पुढच्या गाडीपासून अंतर एक वीत. समोरची गाडी थबकल्यावर त्यानं जीप कापसाच्या शेतात घातली. पंधराच्या पंधरा जण सुखरूप खाली उतरले, कारण आत इतके गच्च बसले होते की हलायला जागाच नव्हती.

खेमसिंगनं चावी फिरवून गाडी बंद केली आणि भांडायला उतरला. चावी निघाली नाही, तशीच ठेवली.

"ओ डायवरकाका! हे काय ब्रेक मारनं हाय का? समोर कुत्रं नाई, मांजर नाई, काहून थांबले?"

"तू काहून चिकटून राह्यला मांगून? जीप हाय का शेपूट? मोबाइल खांद्यात, माणसं कापसावानी कोंबलेली! तुले लायसन कोन देल्लं बे?"

"देल्लं तं हाय ना! हे पाहा. तुमचं दाखवा."

खेमसिंगनं ते लायसन उलटसुलट करून पाहिलं. रस्त्यावर ज्याला बैलगाडीसुद्धा देऊ नये त्याच्या खिशात लायसन, आणि आपल्या खिशात डॉक्टरचा दाखला! मग जो राग आला तो वीस मिनिटं पुरला. तो पिंटूवर, टिप्परवाल्यांवर, एका मोटरसायकलवर चौघं बसवणाऱ्यांवर, उलट्या बाजूनं ट्रॅक्टर आणणाऱ्यांवर आणि ज्यानं क्लच काढून टाकायचं ठरवलं त्या परदेशी माणसावर बरसला. पिंटूच्या पंधरा जणांना इतकं चांगलं भांडण फुकटात मिळालं म्हणून तेही बसून राहिले.

परत येऊन त्यानं चावी फिरवली. गाडी गप्प. पुन्हा फिरवली. खुट्टसुद्धा नाही.

इथं एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढं कुणाचा जीव टांगणीला नको. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. असली गाडी दांडा 'पी'वर असल्याशिवाय आणि ब्रेकवर पाय असल्याशिवाय चालू होत नाही. खेमसिंगनं ती 'डी'वर असताना बंद केली होती. दांडा बोटभर पुढं सरकवायचा, बस.

"पायलचे बा," मागून आवाज आला, "तो दांडा पीवर घ्या."

"तू चूप राय. यष्टी तू चालवली का मी?"

"अवो, पायल म्हने—"

"एक अक्षर बोलू नको!"

"बरं," लालीबाई म्हणाली. "पुसद येतपर्यंत तोंड नाई उघडत आता." आणि खरंच उघडलं नाही, फक्त तुरीचा दाणा टाकण्यापुरतं.

खेमसिंगनं जलाल मिस्त्रीला फोन केला. जलाल पुसदचा, गिअरबॉक्सचा उस्ताद. इंजिनाला कान लावून रोग सांगायची त्याची ख्याती होती. तो स्कूटरवर आला, बॉनेट उघडलं, आणि आत सगळ्यावर काळ्या प्लास्टिकचं झाकण दिसल्यावर त्याचा चेहरा पडला. पण पंधरा माणसं बघत होती. त्यानं झाकणाला कान लावला.

"कुछ आवाज नहीं," तो गंभीरपणे म्हणाला.

"बंद हाय तं आवाज कुठून येईन?" पिंटू म्हणाला.

"हॉर्न मारो." हॉर्न वाजला. "लाइट लगाओ." लाइट लागला. "बॅटरी ठीक. मतलब सेल्फ गया. धक्का लगेगा." आणि खेमसिंगच्या कानाशी वाकून, "खेमसिंगभाऊ, टाइम कम है. मेरे स्कूटर पे बैठो, शिबीर को छोडता हूं. गाडी इथंच राहू द्या."

"बंद पडली म्हनून डायवर गाडी सोडून जात नाई," खेमसिंग म्हणाला. हा यष्टीचा नियम होता. शिवाय गाडी सोडली असती तर पिंटू उभा होताच.

धक्का मारायला पहिल्यांदा पिंटूचेच चौघं लागले. आपल्याकडं बंद गाडी दिसली आणि माणूस धक्का न मारता पुढं गेला, असं होत नाही. कुणाची गाडी, कुठं चालली, हे नंतर विचारतात. कापूस वेचणारे सहा जण कमरेची कापसाची ओटी सोडून आले. मागं महागावची बस अडकली होती, तिच्यातून वीसेक उतरले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं काचेतून खेमसिंगला ओळखलं.

"अरे, हा तं तोच! ब्याण्णव साली मले घाटात धक्का माराले लावला होता यानं. लग्नाले चाललो होतो मी, नवे कपडे घालून! आज पुन्हा!" पण असं म्हणत म्हणत त्यानं बाह्या वर केल्या आणि खांदा लावला.

"सेकंडमध्ये टाका!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सेकंड नाई यात!"

"मंग थर्डमध्ये टाका!"

"थर्ड बी नाई!"

"मंग हाये काय?"

"पी, आर, एन, डी!" खेमसिंग डोकं बाहेर काढून गरजला. यावर मागं चर्चा झाली. एकाच्या मते डी म्हणजे डिझेल, तर गाडी पेट्रोलची असल्यानं पी बरोबर. खेमसिंगनं हे ऐकलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण तो तेव्हा दुसऱ्याशी भांडत होता, जो म्हणत होता की नव्या गाड्यांना उलटा धक्का लागतो. तिसऱ्यानं लिंबू सुचवलं. चौथ्याच्या साडूची अशीच गाडी होती, तिला कंपनीतून माणूस आला होता आणि तो माणूसही नंतर बंद पडला.

धक्का, हुप्प, धक्का, हुप्प. वेग आला की खेमसिंग चावी चालू करी, दांडा आपटी, डावा पाय हवेतला क्लच सोडी, आणि काही होत नसे. "अजून थोडी स्पीड!" जलाल ओरडे. तो स्कूटर ढकलत गाडीबरोबर पळत होता, कारण स्कूटरवर बसून धक्का देणाऱ्यांना सूचना करणं त्याला बरं दिसेना. मागच्या सीटवर लालीबाई टरफलं खिडकीतून टाकत होती. चार किलोमीटर तिनं सगळ्यांकडं पाहिलं आणि एक शब्द बोलली नाही. तिच्या कपाळावरची आठी मात्र पुसदपर्यंत वाढत गेली.

माणसं मोजणं कुणी केलं नाही, पण पुसदच्या वेशीशी साठ तरी असतील. वाटेत एका वरातीचं डफडं त्यांच्यात सामील झालं, कारण नवरदेव पुढच्या गाडीत निघून गेला होता आणि डफडेवाल्यांना कुणाच्या तरी पुढं वाजवायचंच होतं. कुणीतरी खिडकीतून खेमसिंगच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. त्यानं रागानं काढला, दुसऱ्यानं परत घातला.

वेशीवर पोलीस उभा होता. निवडणुकीचे दिवस.

"थांबा! मिरवणुकीची परवानगी आहे का? आचारसंहिता लागली आहे. उमेदवार कोण?"

साठ बोटांनी खेमसिंग दाखवला.

"मी कायचा उमेदवार! माही गाडी बंद पडली!"

"निशाणी गाडीच आहे ना?" पोलिसानं वही काढली. "पक्ष?"

"साहेब, पक्षानं तिकीट नाई देल्लं, म्हनून तं ढकलून राह्यलो!" मागून म्हातारा ओरडला आणि डफडं जोरात वाजलं.

"बरं, लायसन दाखवा."

बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. खेमसिंगचा हात खिशाकडं गेला तो तिथंच थांबला. तेवढ्यात जलाल मिस्त्री पुढं झाला. "साब, लायसन चलानेवाले का होता है. इंजिन बंद है, तो ये चला कहां रहा है? चला तो हम रहे हैं."

पोलिसानं साठ माणसांकडं पाहिलं. साठ लायसन तपासायची म्हणजे दिवस गेला. "म्हणजे हे वाहन नाही, ओझं आहे," त्यानं निकाल दिला. "ओझ्याला परवानगी लागत नाही. पण ट्रॅफिक अडतंय, लवकर न्या." आणि त्यानं स्वतः खांदा लावला, तो नेमका उताराच्या तोंडाशी.

एकसष्ट माणसांचा धक्का आणि खाली उतार. गाडी सुटली. मागं पोरंबाळं, डफडं, पोलीस, सगळं लहान लहान होत गेलं. इंजिन बंद असलं की असल्या गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जात्यासारखं. दुसरा कुणी असता तर भाजीच्या हातगाड्यांत गेला असता. पण दगडासारखा ब्रेक आणि जात्यासारखं स्टिअरिंग म्हणजे खेमसिंगला घर आल्यासारखं वाटलं! त्यानं एक गाय, दोन रिक्षा आणि कांद्याचा ढीग अशा शिताफीनं चुकवले की रिक्षावाल्यांनी शिव्या द्यायच्या ऐवजी मान हलवली. शिबिराच्या फाटकातून गाडी आत घुसली, तेव्हा तो डावा पाय ब्रेकवर पडला, एकतीस वर्षांच्या सगळ्या जोरानिशी, आणि गाडी साहेबांच्या टेबलापासून चार बोटांवर थांबली.

बारा बावन्न.

साहेब तरुण होते, चष्मेवाले. त्यांनी बम्पर पाहिला, टेबल पाहिलं, हारवाला माणूस पाहिला आणि कागद मागितले. कागद चोख होते. "एकतीस वर्षं एस.टी.? अपघात शून्य?" साहेबांच्या आवाजात आदर आला. "बसा काका. दोन मिनिटांत होतंय." सकाळपासून पहिल्यांदा खेमसिंगचा राग उतरला. मागून धापा टाकत साठ माणसं फाटकात येऊन उभी राहिली.

"फक्त ती गाडी बाजूला घ्या तेवढी," कळफलकावर बोटं चालवत साहेब म्हणाले. "माझी जीप अडकलीय."

"बंद पडली साहेब. सेल्फ गेला."

"पुसद आलं," मागच्या सीटवरून लालीबाई म्हणाली.

ती उतरली. पदरातली टरफलं झाडली. पुढचं दार उघडून आत बसली, दांडा पीवर केला, ब्रेकवर उजवा पाय ठेवला, चावी फिरवली. गाडी मांजरासारखी गुरगुरली. लालीबाईनं आरशात पाहिलं, गाडी मागं घेतली आणि दोन मोटरसायकलींच्या मध्ये अशी लावली की आरसा आरशाला घासला नाही.

जलालनं आधी गाडीला लावलेला कान खाजवला, मग न लावलेलाही. शेवटी म्हातारा बोलला. "यष्टीले निदान धक्का मारला का ती चालू तं व्हायची! ही आधीच चालू होती अन् आमी चार किलोमीटर..." पुढचं त्याच्यानं बोलवेना. साठ जणांनी ज्या नजरेनं खेमसिंगकडं पाहिलं, तिच्यापेक्षा शिव्या बऱ्या.

तेही त्यानं गिळलं असतं. पण साहेब हसले. मोठ्यानं नाही, ओठांच्या कोपऱ्यात. बोट मंजुरीच्या बटणावरच होतं.

"हसता कायले?" खेमसिंग उठला. "मले गाडी येत नाई म्हनता का? टेस्ट घ्या माही! आत्ता, याइच्यासमोर!"

"काका, टेस्टची गरज नाही. मी मंजूर करतोय."

"घ्या म्हनतो ना! मले उपकाराचं लायसन नाई पाहिजे!"

"अवो, बसा खाली," लालीबाई म्हणाली. जलालनं त्याचा सदरा ओढला. पोलीस म्हणाला, "ओ, बसा." पण साठ माणसं समोर होती, आणि खेमसिंग ऐकण्याच्या पलीकडं गेला होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला आणि शेजारी येऊन बसले. पट्टा लावायला त्यांनी हात मागं नेला होता.

खेमसिंगनं सगळं बरोबर केलं. पी, ब्रेक, चावी. डी. गाडी वीस फूट देखणी चालली. मग त्याला वाटलं, आता सेकंड टाकावा. त्याला वाटलं म्हणजे त्याच्या पायाला वाटलं.

साहेबांचा चष्मा पुढच्या काचेला जाऊन लागला. चष्मा फुटला नाही. साहेबांनी तो पुसला, डोळ्यावर चढवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'अर्जदाराचा डावा पाय अर्जदाराच्या ताब्यात नाही.' मग एक वाजला.

तिथंच दुपारी झालेल्या शिकाऊ लायसनच्या परीक्षेत खुणा ओळखण्याचे पैकीच्या पैकी गुण त्याला मिळाले, त्याचाही त्याला रागच आला. कागद हातात देताना साहेब म्हणाले, "गाडीला एल लावा. आणि शेजारी पक्कं लायसन असलेलं माणूस पाहिजे. आहे कुणी?"

खेमसिंगनं जलालकडं पाहिलं. जलाल स्कूटरकडं बघत होता. लालीबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड टेबलावर ठेवलं.

"अरे, मावशी तुम्ही!" साहेब म्हणाले. "मागच्या शिबिरात तुमची टेस्ट मीच घेतली. तरीच."

"कवा?" कार्डावरचा फोटो पाहत खेमसिंगनं विचारलं.

"पायल होती तवा. रोज बाजाराले जाओ ना आमी मायलेकी, दोन महिने. तुमाले वाटलं नाई का, एवढा कायचा बाजार?"

डिकीत तिचाच जुना एल पडला होता. तो तिनं पुसून, नीट सरळ चिकटवला.

परतीच्या रस्त्याला खेमसिंगचा वेग तीस होता. साठ माणसं आपापल्या वाटेनं गेली होती, मागं वळूनही न बघता. "तो पाय वर घ्या," शेजारून लालीबाई म्हणाली, "अन् मांडी घाला." त्यानं ती दुप्पट पोटरी दोन्ही हातांनी उचलून बुडाखाली दाबली. पाय आत फुरफुरत राहिला, पण बाहेर आला नाही.

तांडा दोन किलोमीटरवर राहिला असताना मागून हॉर्न आला. लांब, घोगरा, डोळे मिटून ओळखला असता त्यानं. पुसद डेपोची यष्टी. ती बाजूला आली आणि खिडकीतून नव्या ड्रायव्हरनं मान काढली.

"ओ काका! शिकाचं तं मैदानात जा ना! रस्त्यावर कायले?"

खेमसिंगनं तोंड उघडलं. एकतीस वर्षांत जमवलेलं सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं.

"त्याच्याकडं नका पाहू," लालीबाई म्हणाली. "समोर पाहा. इंडिकेटर द्या. डावीकडं घ्या."

खेमसिंग राठोडनं आयुष्यात कुणाच्या बापाला साईड दिली नव्हती. कलेक्टरच्या गाडीलासुद्धा नाही. त्याचे कान लाल झाले, जबडा आवळला, स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली. त्यानं इंडिकेटर दिला. गाडी डावीकडं घेतली. यष्टी धूळ उडवत पुढं निघून गेली.

खेमसिंगनं इंडिकेटर बंद केला.

"बरोबर देल्ली का?" शेवटी त्यानं विचारलं, रागानंच.

"जराशी उशिरा देल्ली," लालीबाई म्हणाली.